आत्ता रडत होती, लगेच एवढी माणसं मारली? गेममधल्या हिरोंचा हा घोळ नेमका काय आहे

दिवाळीची सुट्टी संपता संपता मी मावशीच्या गावाला गेले होते. बीड जिल्ह्यातलं, धारूर तालुक्यातलं गाव. मावशी आणि काका टोळीसोबत ऊसतोडीला निघून गेलेले. घरात फक्त नववीतला मावसभाऊ आणि त्याची आजी. भाऊ दिवसभर मोबाइलवर फ्री फायर खेळत बसलेला. म्हटलं, याला जरा गोष्ट असलेला गेम दाखवू. माझ्या जुन्या लॅपटॉपवर २०१३ चा 'टूम्ब रेडर' होता, तो लावून दिला.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या गेमची हिरोईन लारा क्रॉफ्ट. वय २१ वर्षं. जपानजवळच्या एका बेटापाशी तिचं जहाज फुटतं. ती जखमी आहे, भुकेली आहे, घाबरलेली आहे. पोटासाठी हरणाची शिकार करते तर त्या हरणाचीही माफी मागते. पुढे एक माणूस तिच्यावर हल्ला करतो, झटापटीत गोळी सुटते आणि तो मरतो. लाराच्या हातून झालेला हा पहिला खून. ती गुडघ्यावर बसून हुंदके देते. भाऊसुद्धा गप्प झाला.

त्यानंतर काहीच मिनिटांत गेमचं नियंत्रण पुन्हा त्याच्या हातात आलं. समोरून माणसं आली. त्यानं धडाधड गोळ्या घातल्या. डोक्यात गोळी लागली की जास्त पॉइंट मिळतात हे त्याला लगेच कळलं. थोड्या वेळानं थांबून म्हणाला,

"ताई, ही तर आत्ता रडू लागली व्हती. मग लगेच एवढी माणसं कामून मारली हिनं?"

मी म्हटलं, "मारतोयस तर तूच की."

तर म्हणे, "मला तर मारावंच लागतंय. नाही मारलं तर पुढंच जाता येईना."

आता गंमत बघा. नववीतल्या पोरानं जे दोन वाक्यांत सांगितलं, त्याच्यावर जगभरातले गेम बनवणारे आणि समीक्षक २००७ पासून भांडत आहेत. त्याला एक जडजूड नावही आहे.

लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स म्हणजे काय रे भाऊ?

लॅटिनमध्ये 'लुडस' म्हणजे खेळ. नॅरेटिव्ह म्हणजे गोष्ट. डिसोनन्स म्हणजे सूर न जुळणं. गेमची गोष्ट एक सांगते आणि गेमचा खेळ भलतंच करायला लावतो, तेव्हा जे खटकतं त्याला हे नाव आहे.

हा शब्द आणला क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरनं. साल २००७, महिना ऑक्टोबर. त्या वर्षी 'बायोशॉक' नावाचा गेम गाजत होता. समुद्राच्या तळाशी वसवलेलं शहर आणि तिथं 'आपलं बघा, दुसऱ्याचं जाऊ द्या' या विचाराचा झालेला सत्यानाश, अशी त्याची थीम. हॉकिंगचं म्हणणं असं होतं की, खेळताना मला स्वार्थी व्हायची मोकळीक आहे, त्याचा फायदाही मिळतो. पण गोष्ट मात्र मला दुसऱ्या माणसाच्या मदतीला धावायला लावते आणि तिथं मला नाही म्हणायची सोय नाही. म्हणजे बोटं एका माणसाची आणि गोष्ट दुसऱ्याच माणसाची.

पुढं हा शब्द सगळ्यात जास्त वापरला गेला तो हळव्या हिरोंच्या बाबतीत. कारण साधारण याच काळात गेममधले हिरो बदलत होते. आधीचा हिरो म्हणजे दणकट, बंदूकधारी, न बोलणारा. त्यानं शंभर माणसं मारली तरी कुणाला काही वाटत नव्हतं, कारण त्याला मनच दिलेलं नव्हतं. मग हिरोला भीती आली, आठवणी आल्या, आई-बाप आले, पश्चात्ताप आला. पण त्याच्या हातातली बंदूक तशीच राहिली.

'अनचार्टेड' मालिकेतला नेथन ड्रेक हे याचं ठरलेलं उदाहरण. गोष्टीत तो हसरा, मित्रांवर जीव लावणारा, बायकोला घाबरणारा माणूस. खेळात तो शेकडो लोकांना यमसदनी धाडतो आणि पुढच्या सीनला विनोद करतो. यावरून इतकी टिंगल झाली की २०१६ च्या 'अनचार्टेड ४' मध्ये बनवणाऱ्यांनीच एक ट्रॉफी ठेवली. एक हजार शत्रू मारले की ती मिळते. ट्रॉफीचं नाव काय? लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स!

पण असं होतंच का?

याची कारणं अगदी व्यवहारी आहेत.

पहिलं म्हणजे गोष्ट आणि खेळ वेगवेगळी माणसं बनवतात. लेखक संवाद आणि प्रसंग लिहितात. डिझायनर ठरवतात की खेळणाऱ्याला काय काय करता येईल. दोघांची सांधेजोड नीट झाली नाही तर गोष्टीत अश्रू आणि खेळात धडाधड, असे दोन तुकडे पडतात.

दुसरं कारण वेळेचं. सिनेमा तीन तासांत संपतो. मोठा गेम दहा-पंधरा तास चालतो. एवढा वेळ खेळणाऱ्याला काहीतरी करायला द्यावं लागतं. नेम धरणं, लपणं, गोळी चालवणं हे गेम कंपन्यांना फार चांगलं जमलेलं काम आहे. त्यात दर मिनिटाला आव्हान आहे आणि दर मिनिटाला बक्षीस आहे. 'भावाची समजूत काढा' यासाठी कंट्रोलरवर बटन बनवणं त्याच्यापेक्षा खूप अवघड आहे.

तिसरं कारण बक्षिसाचं. लारा रडते तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. लारा मारते तेव्हा पॉइंट मिळतात, त्या पॉइंटवर नवीन कसब मिळतं. गेम तोंडानं सांगतो की मारणं भयंकर आहे, आणि हिशोबात सांगतो की मारणं फायद्याचं आहे. माणूस हिशोबाचं लवकर ऐकतो.

तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या सिनेमातही होतं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडणारा हिरो पुढच्या सीनला वीस गुंडांना लोळवतोच की. बरोबर. पण सिनेमात मारामारी आपण बघतो. गेममध्ये ती आपला अंगठा करतो. म्हणून तिथं प्रश्न जास्त टोचतो. हिरोला काही वाटलं का, याच्यासोबतच मला काही वाटलं का, हाही प्रश्न येतो.

हात थरथरणारा हिरो आपल्याला नवीन नाही

आता थोडं मागं जाऊ. मारायच्या आधी हादरलेला हिरो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा कोण येतं? अर्जुन.

कुरुक्षेत्रावर समोर आजोबा, गुरू, भाऊ उभे. अर्जुनाच्या तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, हातातून गांडीव निसटतं. तो रथात बसून घेतो. लारा हुंदके देते तो प्रसंग आणि हा प्रसंग, दोन्हीकडे माणूस एकाच जागी उभा आहे.

फरक आहे तो पुढं काय होतं त्यात. टूम्ब रेडरमध्ये रडणं आणि पुढची गोळी यांच्यात काही मिनिटं आहेत. महाभारतात अर्जुनाचं थरथरणं आणि त्याचा पहिला बाण यांच्यात १८ अध्याय आहेत, ७०० श्लोक आहेत. अर्जुन प्रश्न विचारतो, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारतो. ते उत्तर प्रत्येक वाचकाला पटेलच असं नाही, त्यावर शेकडो वर्षं वाद चालू आहेत. पण गोष्ट त्या थरथरीला टाळून पुढं पळत नाही.

आणि युद्ध संपल्यावरही ती सोडत नाही. स्त्रीपर्वात गांधारी आणि इतर बायका रणांगणावर आपापल्या माणसांची प्रेतं शोधत फिरतात. शांतिपर्वात जिंकलेला युधिष्ठिर म्हणतो, हे राज्य मला नको. म्हणजे मारण्याच्या आधीही हिशोब आहे आणि नंतरही.

आमच्या बीड जिल्ह्याला तर याचा जवळचा संबंध आहे. अंबाजोगाईचे संत दासोपंत यांनी सोळाव्या-सतराव्या शतकात याच गीतेवर 'गीतार्णव' लिहिला. त्याच्या ओव्या किती, तर सव्वा लाख सांगतात! एका योद्ध्याच्या मनात आलेल्या शंकेवर लिहिलेली ही टीका. अंबाजोगाईला गेलात तर त्यांची समाधी आजही बघता येते.

थोडक्यात काय, तर हळवा हिरो आणि हिंसा एकत्र आली की गोष्ट बिघडते असं नाही. त्या दोघांच्या मधली जागा मोकळी सोडली की बिघडते.

पुण्यात बनलेल्या गेमनं काय केलं?

पुराणातल्या देवतांना घेऊन नेमका हाच पेच सोडवायचा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झालेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' नावाचा गेम बनवला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ठरवलेला आकडा गाठता आला नाही. तरी ते थांबले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर आणि बाकीच्या कन्सोलवर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं.

गोष्ट अशी आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणारी पोरगी. बाजाराच्या दिवशी ढोलकीवर दोरीवरून चालणाऱ्या पोरी आपण बघतो ना, तशी. धाकटा भाऊ गोलू, तिचं सगळं जग. असुर येतात आणि गोलूला पळवून नेतात. दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी उभे राहतात, तिला त्रिशूळ मिळतं, पुढं धनुष्य मिळतं, आणि ती भावाला शोधत निघते.

म्हणजे हिरोईन पुन्हा तीच. लहान, एकटी, घाबरलेली. आणि खेळ पुन्हा तोच. समोर येईल त्याला मारत पुढं जा.

पण राजीनं तीन गोष्टी शहाणपणाच्या केल्या आहेत. एक, समोर माणसं नाहीत, असुर आहेत. त्यामुळं प्रत्येक वार म्हणजे एक खून, असं ओझं मनावर येत नाही. दोन, राजी लढते ती कसरतवालीसारखीच. खांबाला गिरकी घेऊन, भिंतीवरून धावत. काल खेळ दाखवणारी पोरगी आज लढू कशी लागली, याचं उत्तर तिच्या पोटापाण्याच्या धंद्यातच आहे. तीन, तिची गोष्ट आपल्याला दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. ही टिकेल का, हिला जमेल का, ही चर्चा आपल्या कानावर पडत राहते. त्यामुळं ती लहान आहे, हे आपण विसरत नाही.

तरी पेच पूर्ण सुटलेला नाही. देव म्हणतात ती नाजूक आहे, पण माझ्या हातातली राजी एका झटक्यात चार असुर आडवे करते. तिची भीती मला ऐकू येते, हातात जाणवत नाही. शिवाय 'समोर असुर आहेत, मग मारा' हे उत्तर सोपं आहे. समोरच्याला आधी राक्षस ठरवलं की मारणं हलकं होतं, हे गेमच्या बाहेरही खरं आहे आणि तिथं ते धोक्याचं आहे.

काहींनी वेगळे रस्ते शोधले

२०१२ च्या 'स्पेक ऑप्स : द लाइन'नं उलटा डाव टाकला. वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईत घडणारा हा गेम सुरुवातीला नेहमीचा सैनिकी गेम वाटतो. मग तो तुमच्याच हातून एक भीषण गोष्ट करवतो आणि त्याचे परिणाम तुम्हाला चालत जाऊन बघायला लावतो.

२०१५ चा 'अंडरटेल' तर एकालाही न मारता पूर्ण करता येतो. समोरच्या राक्षसाशी बोला, त्याला हसवा, सोडून द्या. मारलंत तर तेही गेम लक्षात ठेवतो.

२०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये शत्रूंना नावं आहेत. तुम्ही एकाला मारलं की त्याचा साथीदार त्याच्या नावानं हाक मारतो. बस, एवढंच. पण आता समोर पडलेला हा 'शत्रू नंबर १४' राहत नाही. अनेकांना हा गेम खेळवत नव्हता, ते याच्यामुळं.

यातल्या प्रत्येकानं ती मधली मोकळी जागा कशानं तरी भरली आहे. कुणी परिणामांनी, कुणी पर्यायानं, कुणी एका नावानं.

मग फ्री फायर आणि बीजीएमआयचं काय?

खरं सांगायचं तर आमच्याकडची पोरं लारा आणि राजी खेळत नाहीत. त्यांच्या हातात कन्सोल नाही, मोबाइल आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पबजीवर बंदी घातली, २०२१ मध्ये त्याच धाटणीचं बीजीएमआय आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स चालूच राहिलं. पोरं काही थांबली नाहीत.

या गेममध्ये हळवा हिरो नाहीच. गोष्टही नावापुरती. उतरा, बंदूक शोधा, शेवटपर्यंत टिका. मेलात तर लॉबीत परत. गोष्टच नाही तर गोष्टीशी विसंगती कुठून येणार?

म्हणूनच घरच्यांना काळजी वाटते. दिवसभर 'मार, मार' ओरडणारं पोरगं बधिर होणार नाही का? याबाबत अभ्यासक काय म्हणतात तेही बघू. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०२० मध्ये सांगितलं की हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वागण्यात थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष गंभीर हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घेतलं आहे, ते खेळण्यावर ताबा न राहण्याबद्दल. गेममध्ये हिंसा आहे की नाही हा तिथं निकषच नाही.

आणि बीडमध्ये हा प्रश्न हवेतला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये त्या छळाचे फोटो बाहेर आले आणि मोबाइल मोबाइलवर फिरले. मस्साजोग आमच्या गावापासून फार लांब नाही. ते फोटो भावाच्या मोबाइलवरही आले होते. ज्या स्क्रीनवर तो रोज कित्येक 'किल' घेतो, त्याच स्क्रीनवर.

मी त्याला त्याबद्दल विचारलं. म्हणाला, "एकच पाहिला. मग मोबाइल पालथा घातला. दोन दिवस गेम बी नाही खेळलो." एका पोरावरून सगळ्या पोरांचं सांगता येत नाही, हे मला कळतं. पण खेळातलं मरण आणि खरं मरण यातला फरक त्याच्या हाताला माहीत होता, एवढं नक्की.

शेवटी एक गोष्ट राहिली

त्या रात्री साडेनऊच्या सुमारास त्याच्या मोबाइलवर एक मित्र ऑनलाइन आला. मित्राला यंदा मागं ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तो आई-बापासोबत कारखान्याच्या भागात गेलेला. दिवसा फडावर, रात्री कोपीवर रेंज आली की गेमवर. दोघं खेळायला लागले.

खेळात मित्राला गोळी लागली. या गेममध्ये गोळी लागली की सोबती लगेच मरत नाही, 'नॉक' होतो. जमिनीवर सरपटत राहतो. वेळेत कुणी जवळ जाऊन बसलं तर तो वाचतो, त्याला 'रिव्हाइव्ह' म्हणतात. त्यात गंमत अशी की वाचवणाऱ्याला तेवढा वेळ बंदूक चालवता येत नाही. तो तिथंच उघड्यावर बसलेला असतो, त्याला कुणीही टिपू शकतं.

गोष्टीवाल्या मोठ्या गेमना जे बटन बनवायला जमत नाही, ते इथं आहे. लेखक नाही, संवाद नाही, पण दुसऱ्यासाठी स्वतःला धोक्यात घालायची सोय खेळातच आहे. आणि संवाद पोरं स्वतःच आणतात.

तुमच्या घरात कुणी असा गेम खेळत असेल तर मोबाइल हिसकावण्याच्या आधी एकदा शेजारी बसून बघा. काय मारतोयस, यासोबतच कुणाला वाचवतोयस, हेही विचारा.

भाऊ जिंकत होता. पळून गेला असता तर शेवटच्या दहात आला असता. पण तो मागं फिरला. मी विचारलं, "अरे, तू पण मरशील ना?"

माझ्याकडं न बघता माइकमध्ये म्हणाला, "थांब रे, हलू नको. आलो मी."